हात नवरदेवाचा, जबाबदारी भाऊंची

भाऊंना मी प्रथम पाहिले ते माझ्याच लग्नाच्या मांडवात, आणि तेही नवरदेवाच्या आधी. अंतरपाटाच्या कडेने चोरून डोकावले, तर काळ्या कोटातले एक गृहस्थ नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीवर नजर रोखून उभे. मला वाटले, सासरचे कोणी तापट काका असतील. ते होते गडचिरोलीचे वकील दामोदरराव बोरकुटे, आणि मांडवात ते कोर्टाच्या कामावर आले होते. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायचे, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट, जिल्ह्याला चांदा म्हणत तेव्हाची. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती टोकाला लिंबू खोचलेली सुरी देतात. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. सासरच्यांनी घरातली सुरी सोडून मानासाठी आजोबांची दुधारी कट्यार काढली. वरात सिंदेवाहीकडून निघाली आणि वैनगंगेच्या घाटावर अडली. बाजारात नुकतीच भोसकाभोसकी झाली होती, त्यामुळे नवे फौजदार दिसेल ते पाते जप्त करत होते.

"खाली ठेव," शिपाई म्हणाला.

"हळद लागली हाय मले. आता खाली ठेवता येत नाई," आमचे हे म्हणाले.

रीत शिपायालाही ठाऊक होती. नवरदेवाच्या हातातून हिसकावायला कोणी धजेना. शेवटी कट्यारीसकट नवरदेवालाच गडचिरोलीला कचेरीत नेले. इकडे आलापल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मुहूर्त टळला आणि माझ्या अंगावर हळद सुकली. मामांनी हळूच दुसऱ्या मुलाचे नाव काढले. मी आईचा पदर धरून बसले होते. ज्याला पाहिलेही नव्हते, त्याच्यासाठी इतका जीव तुटतो, हे मला त्या दिवशी कळले.

भाऊ कचेरीत दुसऱ्याच कामाला आले होते. वऱ्हाडी त्यांच्या पाया पडले. साधी सुरी आहे, असे सांगून भाऊंना वेळ मारून नेता आली असती. त्यांनी कट्यार निरखली आणि तहसीलदारांना सांगितले, "साहेब, सुरी असती तर गुन्ह्यात बसली नसती. पण हा खंजीरच हाय. खोटं काऊन बोलू? लग्नापुरता मुद्देमाल माझ्या सुपूर्तनाम्यावर द्या. आरोपी आन् कट्यार, दोन्ही मी हजर करतो."

"आणि तोवर ती धरणार कोण?"

"हात नवरदेवाचा, जबाबदारी माझी."

भाऊ छकड्यात नवरदेवाशेजारी बसून आले. अक्षता पडताच त्यांनी हात पुढे केला, लिंबू काढून माझ्या आईला दिले आणि कट्यार रुमालात गुंडाळली. जेवायलाही थांबले नाहीत. पुढे हेतू वाईट नव्हता म्हणून ह्यांची सुटका झाली. कट्यार मात्र सरकारजमा झाली. सासूबाई बरेच दिवस भाऊंवर फुगून होत्या.

त्यानंतर बाजाराच्या आदल्या दिवशी भाऊंच्या ओसरीवर गावोगावची माणसे आपापली पाती दाखवायला येऊ लागली. भाऊ एकेक हातात घेऊन सांगत, "हे बांबू सोलाचं, खुशाल न्या. याले दोनी बाजूनं धार हाय, भोसकाले केलेलं हाय, घरीच ठेवा." ह्या सल्ल्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. कडेवर लेकरू असताना मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायला कचरत होते, तेव्हा तेच घरी आले. म्हणाले, "तुमच्या लग्नाची जबाबदारी घेतली होती मी. शाळेचीबी घेतो." त्यांच्या शब्दावर मी गेले आणि पुढे जन्मभर शाळेत शिकवले.

आमचे हे जाऊन आता बराच काळ झाला. लग्नाचा फोटो आमच्याकडे नव्हताच. मांडवात मान वर करून ह्यांना मी पाहिले ते ओझरतेच, आणि ज्यांनी नीट पाहिले ती माणसे एकेक करून गेली. मी अजूनही भाऊंकडे जाते आणि विचारते, "भाऊ, छकड्यात हे कसे दिसत होते?" भाऊ सांगतात, "घाबरले होते. सारखं विचारत होते, पोरगी थांबन ना?" दर वेळी हेच सांगतात, आणि दर वेळी मला ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटते.

भाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सारे त्यांच्या कार्यासाठी हे मागतील. माझे मागणे स्वार्थी आहे. हळद लागलेल्या ह्यांना डोळे भरून पाहिलेले आता भाऊ एकटेच उरले आहेत.