रीळ बदलतानाची बत्ती

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. नवरा गेल्यावर वडिलांनी तिला माहेरी आणलं. तीन वर्षं तिनं कुणाकडे काही मागितलं नाही. मग एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "भाऊ, मले तो शिनिमा अजून एक डाव पाहाचा हाय."

तो म्हणजे लग्नानंतर अकोल्याच्या तंबूत नवऱ्याबरोबर पाहिलेला, तिच्या आयुष्यातला एकुलता एक सिनेमा. विधवेनं पुन्हा तंबूत जाऊन बसायचं तर गावाला महिनाभर चघळायला विषय. मी चिडलो आणि ठरवलं, सिनेमाच घरी आणायचा.

अकोल्यात एक दुकानदार हातानं फिरवायचं यंत्र आणि रिळं भाड्यानं द्यायचा. बाईला सिनेमाचं नाव आठवेना. हरवलेली राणी आणि नदीत होडी, एवढंच सांगता येई. असल्या राण्या त्याच्याकडे ढिगानं होत्या. दोन खेपा हात हलवत परतलो. तिसऱ्या खेपेला होडीवाली सापडली. ऊन लागलं तर रिळं भडकतील, असा त्यानं वर दम दिला. चारही डबे ओल्या पोत्यात गुंडाळून आमच्या गावाजवळच्या मालेगावपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं आणले.

कापूस विकून रिकाम्या झालेल्या खोलीत भर दुपारी खेळ मांडला. खिडक्यांना पोती, भिंतीवर धोतर. तंबूतल्यासारखा आईनं मधोमध दोर बांधला. पुढे पुरुष, मागे बायका. यंत्र दोराला लागून, आणि बाई माझ्या पाठीशीच.

तंबूत रीळ संपलं की बत्ती लागायची आणि नवीन रीळ चढेपर्यंत लोक जांभया देत बसायचे. आपल्या घरी असला खोळंबा नको, म्हणून मी डोळे मिटून रीळ बदलायची तालीम केली होती. पहिलं संपलं, अंधारातच दुसरं चढवलं. तिसरंही तसंच. पुढून काका म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, अगदी हळू. "बत्ती काहून नाही लावली रे?"

"कायले पाहिजे बत्ती? खेळ तुटते."

ती दोरावरून माझ्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "तवा ते पुढं बसले होते. बत्ती लागली का मान वळवून बायकांत मले धुंडत. सापडली का हासत. मले तेवढंच पाह्याचं होतं."

माझा हात यंत्र फिरवत राहिला. होडीत राणी रडत होती, आणि मला माझ्या हुशारीची लाज वाटत होती. आता रीळ बदलायचं एकदाच उरलं होतं.

तिसरं संपल्यावर मी कंदील लावला. शेवटचं रीळ हाती घेऊन उगाच चाचपडत राहिलो. बाई उठून उभी राहिली आणि पुढच्या एकेका पाठमोऱ्या डोक्याकडे पाहू लागली. वडील, काका, शेजारी, सगळे रिकाम्या धोतराकडे डोळे लावून बसले होते. "कंदील विझव ना बे!" कोणीतरी ओरडलं, तेही मान न वळवता.

मी विझवला नाही. जेवढा वेळ काढता आला तेवढा काढला. शेवटी बाईच खाली बसली आणि म्हणाली, "विझव आता, भाऊ. नाही वळत कोणी."