कागदावर काळी, रस्त्यावर निळी

माझी मोटरसायकल काळ्याची निळी झाली ती वाघोलीतल्या एका दुकानात, एका दुपारी. रंग मारला नाही. टाकीवर, मडगार्डवर, बाजूच्या पत्र्यांवर व्हायनलचा निळा पापुद्रा गरम हवेने ताणून चिकटवला. त्याला रॅप म्हणतात. निळाच का, हे आमच्या घरात विचारावं लागत नाही.

"आरसीवर रंग बदलून घ्यावा लागेल ना?" मी दुकानदाराला विचारलं.

तो हसला. "इतक्या गाड्या केल्या ताई, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. चालतं हो."

चालतं. उलट्या बाजूने गाडी घालणारा, फुटपाथवर चढवणारा आणि नंतर टपरीवर चहा पीत या देशाचं काही होणार नाही असं सांगणारा, हे तीन लोक नसतात. एकच असतो, आणि त्याचं सगळं चालतं. माझ्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत. मोबाइलचं कव्हर बदलावं तसे ते गाडीचे रंग बदलतात आणि वर भ्रष्टाचारावर स्टेटस ठेवतात.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते, सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. छापील बाजू आपोआप पाठ झाली. निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी कात्रजजवळच्या बुद्धविहारात मुलांचा वर्ग घेतात. गुडघा धड नाही, म्हणून मी त्यांना मागे बसवून नेत असे.

रॅप केल्यानंतरच्या रविवारी ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि थांबले.

"कागदावर कुठला रंग आहे?"

"काळा. पण पप्पा, कोण बघतं?"

"मी बघतो."

आणि ते बसस्टॉपकडे चालू लागले. मी गाडी हळूहळू त्यांच्या शेजारून चालवत विनवण्या केल्या. बस आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांच्या कागदात चूक सापडली तर ती चूक असते. आपल्या कागदात सापडली तर चोरी असते." मग दांड्याला धरून, एकेक पाय ओढत ते चढले. अशा दोन बस बदलल्याशिवाय कात्रज येत नाही.

'चालतं'चा मला तिटकारा, आणि 'कोण बघतं' म्हणून मीही तेच बोलले होते. दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

आरटीओच्या फाटकाबाहेर एक एजंट आडवा आला. "काय काम?"

"रंगबदल."

"रंगबदल?" त्याने शेजारच्याला हाक मारली. "अरे ऐकलंस का, मॅडम रंगाची नोंद करायला आल्यात! मॅडम, घरी जा, झोपा. मालकी बदलायची असेल तेव्हा या." दोघंही मनापासून हसले. कायदा पाळणाऱ्या माणसाला बघून इतका आनंद होणारी माणसं दुसरीकडे कुठे भेटत असतील मला माहीत नाही.

खिडकीत मी आरसी, विमा, पीयूसी आणि अर्ज दिला. अर्ज भरून भागेल असं मला वाटलं नव्हतं. सोबत चार पानांचं निवेदन जोडलं होतं. त्यात नागरिकाचं कर्तव्य होतं, प्रशासनाची उदासीनता होती, ठळक अक्षरातल्या तीन घोषणा होत्या. आमच्या घरात कागद लिहायचा म्हणजे असाच लिहितात.

खिडकीतल्या बाईंनी चारही पानं वाचली. चष्मा वर केला.

"आपण सभा घ्यायला आलात का?"

"नाही. गाडीचा रंग..."

"तो शेवटच्या ओळीत सापडला. आधी परवानगी, मग रॅप, असा क्रम असतो. आपण उलटं केलंत. हे आपल्या चार पानांत कुठे आलेलं दिसत नाही."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "उशीर का झाला ते एका वाक्यात लिहा. घोषणा नकोत. आणि गाडी तपासणीला आणा."

एक वाक्य लिहायला मला चार पानांपेक्षा जास्त वेळ लागला. "मी नियम आधी वाचला नाही." मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "ओ, कादंबरी नंतर लिहा." तपासणीत निरीक्षकाने चासी नंबर ताडून पाहिला, रॅपची कडा नखाने उचलून खालचा काळा बघितला आणि सही केली. लाच मागितली नाही. तिच्यावर मी घरून भाषण तयार करून नेलं होतं, ते तसंच परत आणलं.

नवीन आरसी घरी येईपर्यंत तो पहिला धरून पाच रविवार गेले. पाचही रविवारी पप्पा बसने गेले. मी रिक्षा बोलावली तर म्हणाले, "घरात गाडी असताना रिक्षा कशाला?" तत्त्वनिष्ठ माणसाशी वाद घालण्यासारखं निष्फळ काम नाही. वाद घालायला मी त्यांच्याकडूनच शिकले आहे, तरी हरले.

सहाव्या रविवारी त्यांनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. रंग, निळा. नंबर जुळवला. शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खाली उतरले. मी गाडी सुरू करून बसले. त्यांनी पाय उचलला. तो सीटपर्यंत गेलाच नाही. पुन्हा उचलला. पाच रविवारच्या बसच्या पायऱ्या गुडघ्यात उतरल्या होत्या.

"पप्पा, राहू दे. मी रिक्षा..."

"थांब."

सोसायटीचा वॉचमन हे बघत होता. तो आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि गाडीला लावून धरली. पप्पा तिच्यावर चढले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन तिथून सीटवर आले.

"काय काका," वॉचमन हसत म्हणाला, "नवरदेवासारखे घोड्यावर बसताय!"

तो सहज बोलला होता. आमच्यातल्या नवरदेवांना घोड्यावरून खाली ओढतात, हे त्याच्या मनातही नसावं. पप्पांनी खिशावर हात ठेवला.

"बसतोय. कागदपत्रं पूर्ण आहेत. आता कुणी खाली उतरवून दाखवावं."

वॉचमनने खुर्ची बाजूला घेतली. पप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "चल बाळा, मुलं येऊन बसली असतील," आणि मी फाटकातून गाडी बाहेर काढली.