सोड्याचं पाणी

मच्छे गावातल्या आमच्या घरामागं एक भिंत आहे. तिनं मला तीन वर्षं माहेरी एक रात्र राहू दिलं नाही.

भिंत म्हणजे कुंड्यांची. आमचं अंघोळीचं, धुण्याचं पाणी शेजारणीच्या दारात जायचं आणि रोज तोंडाला तोंड लागायचं. म्हणून कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या नवऱ्यानं मागच्या भिंतीवर ओळीनं कुंड्या टांगल्या, त्यांत काथ्या आणि खडी भरली, अळू आणि कर्दळ लावली. सांडपाणी पिंपात साठवायचं, पंपानं वरच्या ओळीत सोडायचं. कुंडीकुंडीतनं झिरपत ते खाली येतं तेव्हा त्याला वास नसतो. त्यावर परसातली वांगी येतात. लोक बघायला यायचे, हे छाती फुगवून सांगायचे. पंप कोण लावतंय, हे एकानंही विचारलं नाही.

सकाळ-संध्याकाळ पंप मीच लावायची. एक दिवस चुकलं की पिंप घाण मारायचं आणि पानं माना टाकायची. ह्यांची शिफ्टची ड्युटी, आणि आत्तीचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले. माहेरी निपाणीला जायचं तर सकाळच्या गाडीनं जाऊन दिवेलागणीला परत. लेकरू असतं तर कडेवर मारून नेलं असतं. भिंत कुठं कडेवर बसती व्हय?

मग आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीची. घरात ती एकटी. मी म्हटलं, "पंधरा दिवस जाऊन राहते."

"आणि भिंत?" हे म्हणाले.

अस्सा राग आला! जन्म दिलेल्या आईपुढं अळू!

त्याच आठवड्यात दसऱ्याची धुणी निघाली. आमच्याकडं घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं, वाकळांसकट, धुवावं लागतं. आत्तीनं उंबऱ्यात बसून हुकूम सोडला, "सोडा घाल गं, लई घाल. त्याबिगर वाकळंचा मळ जाईत न्हाय."

सोड्याचं पाणी झाडांना विष. असलं पाणी असलं की कॉक फिरवायचा, म्हणजे ते पिंपात न जाता शोषखड्ड्यात जातं, हे मला पाठ होतं. कॉकवर हात ठेवलाही होता. फिरवला नाही. संध्याकाळी पंप लावला, तोही मीच.

चार दिवसांत भिंत पिवळी पडली. हे ओरडणार म्हणून मी कंबर कसून होते. पण हे एकेक कुंडी उतरवून मुळं बघत बसले. "माझंच चुकलं," म्हणाले. मग मान वर न करता, "आता काय राहिलंय हितं. जा तू आईकडं."

गेले. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं नाही. गाडीत खिडकीला बसून शेंगा खाल्ल्या.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. औषधाचे थेंब घालायला मी उशाशी बसले होते. आई माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "वाळलीस गं." मग म्हणाली, "आता एकच बघायचं राह्यलंय, तुझी भिंत. डोळ्यांनी दगा दिला, न्हायतर कवाच आले असते. दिवाळीला नेतीस न्हवं? गल्लीत सगळ्यांस्नी सांगून ठेवलंय, माझ्या लेकीनं घाण पाणी चोख केलंय."

लेकीनं! जावयाचं नावसुद्धा काढलं नाही तिनं. माझ्या हातातली औषधाची बाटली तशीच राहिली.

अंगणात जाऊन मी ह्यांना फोन लावला. "अवो, ते सोड्याचं पाणी मी सोडलंतं. मुद्दाम."

पलीकडं कारखान्याचा भोंगा वाजत होता. तो थांबला.

"ठावं हाय," हे म्हणाले. "कॉक पिंपाकडंच बघितलाता मी त्याच सांजेला. नवी रोपं आणून ठेवलीत. कधी येतीस?"