महादेवाचा वार

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा नदीवर होते. फाट्यावर सोडायला ते येणार नाहीत हे मला आधीच ठाऊक होतं. जिथे रडू येण्यासारखं काही असेल तिथे जायची वेळ आली की बाबांना नेमकं जाळ्याचं काम निघायचं. मला सोडायला आली ती नवी माय. डोक्यावर माझी पत्र्याची पेटी, हातात सुक्या झिंग्यांचं गाठोडं आणि ओठ गच्च मिटलेले.

बसच्या टपावर पेटी चढवताना कंडक्टर म्हणाला, "पेटीवर नाव नाई टाकलं, बाई. कोणाची पोरगी होय हे?"

नवी मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच गप्प राहिले. मग ती म्हणाली, "घरधन्याची होय."

"घरधनी तं सगळ्याइलेच रायते!" कंडक्टर म्हणाला आणि अख्खी बस हसली. मीही हसले. हसण्याच्या नादात रडायचं राहूनच गेलं. बस हलली तशी ती खिडकीखालून ओरडली, "पोटभर खाजो! कोणाचं ऐकून नको घेजो! अन् सुट्टी भेटली का तुया बापाच्या घरी येजो!"

या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन मी हैदराबादेत अगदी मन लावून पाळल्या. माझ्या वजनाला आणि माझ्या वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा.

नवी माय म्हणजे माझी दुसरी आई, गिरजाबाई. माझी जन्मदाती मी तिसरीत असताना गेली, राजू तेव्हा रांगत होता. नंतर बाबांनी नदीपलीकडच्या या विधवा बाईशी पाट लावला. तेव्हा गावानं तिला 'नवी' म्हटलं आणि ती नवीच राहिली. आमच्या गावातली नवी शाळासुद्धा माझ्या आजोबांच्या वेळची आहे. मी तिला कधी सावत्र म्हटलं नाही, तिनं मला कधी 'माझी पोर' म्हटलं नाही. पण केसांना तेल, ताटात मरळ माशाचा मधला तुकडा आणि चुकलं की पाठीत धपाटा, हे सगळं वेळच्या वेळी मिळत गेलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही.

आणि तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं असं आमच्याकडच्या जुन्या बाया मानतात. पण नवी मायचं जरा जास्तच होतं. बाबांचं नाव सोमाजी, म्हणून आमच्या घरात सोमवार नव्हताच. रविवारनंतर थेट 'महादेवाचा वार' यायचा. शेजारच्या सोमाबाईला ती 'पलीकडची' म्हणायची. माझ्याही तोंडात तेच बसलेलं. हैदराबादच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा मोडक्यातोडक्या हिंदीत मॅट्रनला सांगितलं, "मेरेको महादेव के दिन छुट्टी होना." मॅट्रन बिचारी केरळची. तिला वाटलं, पोरीचं काही कडक व्रत आहे. तिनं लगेच सुट्टी लिहून दिली आणि वर म्हणाली, माझ्यासाठीही प्रार्थना कर. मी कसली प्रार्थना करते, हॉस्टेलवर धुणं धुवायचं होतं!

पुढे त्याच हॉस्पिटलातल्या एक्स-रेवाल्या श्रीनूशी लग्न केलं. तो सिरोंच्याचा, तेलुगू बोलणारा, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. त्याला मी दिवसभर नावानं हाका मारते, निम्म्या रागानं. तरी अजून धडधाकट आहे. घरात आम्ही जे बोलतो ते मराठी आहे, तेलुगू आहे की हिंदी, हे आमच्या लेकीलाही सांगता येत नाही. इथे कोणी 'नेटिव्ह' विचारलं तर मी शेजारचं चंद्रपूर सांगते. समोरचा म्हणतो, "ओ, टायगर!" मी मान हलवते. वैनगंगा, तिच्यावरचा डोंगा, तळ्यातली मरळ हे कोणाकोणाला समजावत बसू? फ्लॅटला मी 'घर' म्हणते आणि तिकडच्याला 'गाव'. तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, तुमचंही असंच झालं असेल. कधी झालं ते कळत नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. झोपेत, शांत. घर आणि तळ्याकाठचं शेत त्यांच्या नावावर होतं. राजू तलाठ्याकडे नाव बदलायला गेला तर त्याला सांगितलं, कोर्टातून वारस दाखला आणा. चामोर्शीच्या एका वकीलबाईंकडे आम्ही तिघं गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "तुम्ही दोघं भावंडं वारस आहात यात अडचण नाही. पण या बाईंचा पाटाचा काही कागद नाही. त्यांचं नाव वगळलं तर काम सोपं होईल. घरात तर त्या राहतीलच."

राजू कंटाळलेला होता. म्हणाला, "मग तसंच करू नं, ताई. तिले कोण काढून राह्यलं?"

माझं डोकंच फिरलं. "काढत नाहीस रे, पण उद्या तुझी बायको भांडली तर ही कोणाच्या घरात आहे म्हणून सांगशील? पाहुणी म्हणून?" राजूनं मान खाली घातली.

बोलली ती नवी मायच. भिंतीकडे बघत, हळू. "मले शेत नाई पायजे, बाई. पण मले दिवस बुडाल्यावर आणलं होतं या घरी. बाजा नाई, वरात नाई, गावातल्या पोरींनी पाहू नये म्हणून दारं लावलेली. पाटाची रीतच तशी होय, मी कोणाले बोल नाई लावत. पण एक बार दिवसाउजेडी कोणी म्हणावं का मी त्याची बायको होय. मंग मेलो तरी चालते."

वकीलबाईंनी पेन ठेवला. म्हणाल्या, "रीतीनं लागलेला पाट कोर्ट मानतं. पण पाट पाहिलेला माणूस आणा. आणि तुम्हाला स्वतः पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगावं लागेल. स्वतःचं पूर्ण नाव आणि नवऱ्याचं नाव. मागून कोणी सांगायचं नाही."

मी आणि राजूनं एकमेकांकडे पाहिलं. आली का पंचाईत! आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलंच. नवी मायला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाला ती आयुष्यभर कार्ड पुढे करून "वाचून घ्या" म्हणत आली होती.

तारीख पडली. वार कोणता? महादेवाचा!

मी आठवडाभराची रजा टाकून गावी आले आणि आमच्या अंगणात कोर्ट भरलं. पाट पाहिलेली एकच बाई आता जिवंत होती, शेजारची पार्वताबाई. साक्षीदार तीच, पण तिला न्यायाधीश व्हायची भारी हौस. भर उन्हाळ्यात काळी शाल पांघरून ती बाजेवर बसली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

"गिरजाबाई."

"पूर्ण!"

"हे पूर्णच होय. मी काय अर्धी बाई होय का?"

"नवऱ्याचं नाव?"

"तुले माईत नाई का वं? रोज येऊन चहा पेत होती त्याच्या घरी!"

रोज सकाळी असंच. मी समजावलं, राजूनं समजावलं. राजू शेवटी म्हणाला, "मा, बाबा तं गेले. आता कोणाले भेऊन राह्यली?" त्यावर ती अशी उसळली! "गेले म्हणून का मी तोंड सोडू? इतके दिवस जपलं, आता उधळू?" राजू मुकाट्यानं जाळं घेऊन तळ्यावर गेला. बापाचाच पोरगा.

मग पार्वताबाईला युक्ती सुचली. "सरळ येत नाई तं उखाण्यात घे. लग्नात घेतलं असशीनच."

नवी माय झाडत होती. तिचा हात थांबला. "पाटात कोण उखाणा घ्याले लावते वं? तूच तं होती तिथी. कोणं म्हटलं होतं का, नाव घे म्हणून?"

पार्वताबाईच्या खांद्यावरची शाल घसरली. आणि मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. नव्या नवरीला सगळ्या बाया गराडा घालतात, चिडवतात, नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. तेवढ्या एका वेळेला बाई सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेते, मिरवून घेते. हिला कोणी अडवलंच नव्हतं. ही आली आणि चुलीपाशी बसली, दुसऱ्या दिवसापासून माझी वेणी घालायला लागली. मला फार वाईट वाटलं. मी उठून तिच्या हातातला झाडू घेतला आणि अंगण मी झाडलं. तिनं "तुले झाडता येत नाई" म्हणून तेच पुन्हा झाडलं.

त्या दिवसानंतर मी तालीम बंद केली. म्हटलं, जे होईल ते होईल.

सोमवारी ती पहाटेच न्हाली. निळं लुगडं नेसली, मार्कंड्याच्या महादेवाच्या दिशेनं तोंड करून हात जोडले. सोबत भाकरी, वांग्याची भाजी आणि तळलेले मासे बांधून घेतले, कोर्टाचं किती वेळ चालेल कोण जाणे म्हणून. कोर्टाच्या दारात पोचलो तर तिनं चपला काढून ठेवल्या, देवळात काढतात तशा. शिपाई म्हणाला, "बाई, घालून जा." ती म्हणाली, "राहू दे भाऊ, खरं बोलाचं हाये."

न्यायाधीश तरुण होते. आधी माझी, राजूची साक्ष झाली. पार्वताबाई शाल न घेता गेली आणि पाट कसा लागला ते इतकं रंगवून सांगायला लागली की वकीलबाईंनाच तिला थांबवावं लागलं. मग नवी माय उभी राहिली. शपथ घेतली.

"पूर्ण नाव सांगा, बाई."

"गिरजाबाई."

पुढे काहीच नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण मागून सांगायचं नव्हतं. मी राजूचा हात धरला. न्यायाधीशांनी घाई केली नाही, हे त्यांचे उपकार. नवी मायनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं पदर सारखा केला.

"गिरजाबाई सोमाजी शेंडे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा की दारातल्या शिपायानं आत डोकावलं. मग कोणी विचारलं नसताना पुन्हा, "सोमाजी शेंडे. माया नवरा होय तो. मी त्याची बायको होय."

"ऐकलं, बाई," न्यायाधीश म्हणाले आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, "घ्या."

मी वॉर्डात भल्याभल्यांचे जीव जाताना डोळे कोरडे ठेवलेली बाई. पण तिथे मला काही आवरलं नाही. राजू तर सरळ बाहेर निघून गेला.

बाहेर आलो तेव्हा पार्वताबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर आडवी उभी होती. "नाव घेतल्याबिगर उतरू देत नाई," ती म्हणाली. लोक बघत होते, दोन वकील चहाचे कप हातात धरून थांबले. नवी माय म्हणाली, "हट वं, या वयात!" पण लाजली. खरंच लाजली. मग भर दुपारी, कोर्टाच्या पायरीवर, अनवाणी, तिनं उखाणा घेतला:

"वैनगंगेच्या डोहात मरळ पोहे फार,
सोमाजीचं नाव घेतो, सोडा आता दार."

काय बांधणी, काय यमक! मी म्हटलं, "हा कधी जुळवला?" तर म्हणाली, "पाटाच्या दिवशी. कोणी विचारलं तं असावा म्हणून." आणि चपला शोधायला लागली.

दाखला यायला थोडे दिवस लागले. आता घरावर तीन नावं आहेत आणि पहिलं तिचं आहे. मी माझ्या ड्युटीवर परत आले, राजू त्याच्या तळ्यावर. बाप गेला की माहेर संपलं असं बाया म्हणतात, मीही बाबांच्या तेराव्याला तेच म्हणून रडले होते.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. मी पोळ्या करत होते, फोन श्रीनूनं स्पीकरवर टाकला.

"सुनंदा, छपरावरचे कवेलू फेराले माणसं येऊन राह्यले. तू येजो."

"कोणत्या वारी?"

"सोमवारी."

माझा हात तव्यावरच राहिला. "काय म्हटलंस?"

"सोमवारी म्हटलं नं! कानात बोळे गेले का? सोमवारी येजो, माया घरी."

श्रीनूनं विचारलं, "ऊरिका?" म्हणजे, गावी का?

मी म्हटलं, "नाही. माझ्या मायच्या घरी." आणि त्याला आधी ती करपलेली पोळी वाढली.