मासेवाली आणि ठिपक्यांचा कागद

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. भर दुपारी नदीकाठच्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, मासं इकणाऱ्या मावशीला लोकांनी चावडीत कोंडलंय. रॉकेलचा डबा आणलाय. लवकर या."

गावात उलट्या-जुलाबाची साथ होती. आदल्या दिवशी एक लहान मुलगी दगावली होती. ही पन्नाशीची विधवा पलीकडच्या काठावरून टोपली घेऊन यायची. ती आली की माणसं आजारी पडतात, ती करणी करते, असं गावाचं म्हणणं.

आम्ही चौघे, समोर दीडशे माणसं. मुलीचा बाप कोयता घेऊन चावडीच्या दारात उभा होता.

"साहेब, बाजूला व्हा. माझी पोर गेली."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आवाज शांत ठेवला. "दादा, रीतसर फिर्याद द्या. पुरावा मिळाला तर मी तिला सोडणार नाही."

तो हळूहळू बाजूला सरकला. बाईला जीपमध्ये घातलं, तोवर मागची काच दगडानं फुटली होती.

ठाण्यात महिला पोलिसासमोर तिचा जबाब सुरू केला. "म्या काय बी केलं न्हाई," एवढंच ती म्हणे. करणीवर माझा विश्वास नव्हता, पण माशांतून विषबाधेचा संशय होता. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकलो होतो. उपकेंद्राच्या नोंदवहीतून दर आठवड्याचे रुग्ण घेतले, गिऱ्हाइकांना विचारून तिच्या फेऱ्या लिहिल्या आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. फेऱ्या वाढल्या की रुग्ण वाढत होते. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत वर चढत होते. दोनच ठिपके भलतीकडे पडले. नोंदीतली चूक समजून मी ते खोडले आणि अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

सही करण्यापूर्वी सहज विचारलं, "मावशी, कधी आठवड्यात चार फेऱ्या, कधी एकही नाही. असं का?"

"धरणाचं पाणी सुटून नदी वाढली की मासा गावतो, साहेब. न्हाई सुटलं तर काय इकू? आन् मधी पंधरा दिस पाणी सुटलेलं, पर मी लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी, न्हावऱ्याला हुते."

मी कागद पुन्हा ओढला. खोडलेले ठिपके त्याच दोन आठवड्यांचे होते. तिच्या फेऱ्या शून्य, रुग्ण मात्र भरपूर.

पाटबंधारे कार्यालयातून पाणी सोडल्याच्या तारखा आणल्या. त्या रुग्णांच्या नोंदीशी जुळल्या, त्या दोन आठवड्यांतसुद्धा. अटकेचे कागद रद्द करून बाईला घरी सोडलं. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर काठावरच होती. पंचनाम्यात तिच्या भिंतीला आतून मोठी भेग सापडली. नदी वाढली की घाण पाणी थेट आत शिरत होतं. तपासणीत विहिरीच्या पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य ठरला. विहीर बंद करून टँकर सुरू केला, तशी साथ ओसरली.

काही दिवसांनी मुलीचा बाप ठाण्यात आला. त्याला मासेवालीची माफी मागायची होती. मी निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, "त्यांच्यावर राग न्हाई माझा. पर मला त्यांचं भ्या वाटतं." त्या गावात ती पुन्हा कधी टोपली घेऊन गेली नाही.

दोन गोष्टी जोडीनं वाढतात, म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नसतं. कधी तिसरीच गोष्ट दोघींना चालवते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी निरपराध बाईच्या अटकेला एका सहीपुरतंच अंतर राहिलं होतं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासात मी सहकाऱ्यांना आधी एकच विचारत असे: न जुळणारी नोंद कुठली आहे, ती दाखवा.