शेंगाचटणी कुटताना भरलेली गाणी

शेंगाचटणीचा खमंग वास आला की मला आजही वडिलांचा राग येतो. मंगळवेढ्याच्या आमच्या रानात रेंज नाही, म्हणून ज्वारीच्या राखणीला जाण्याआधी ते आईला घेऊन सोलापुरात माझ्याकडे आले आणि फोनमध्ये गाणी घालून दे म्हणाले. मी डाउनलोड लावलं. आई खलबत्त्यात चटणी कुटत होती. वडिलांनी धावत जाऊन तिच्या हातातला बत्ताच काढून घेतला. "गप बसा की सगळी, गाणी भरायलीत!" तरुणपणी त्यांनी एका टेपसमोर दुसरा टेप ठेवून कॅसेटी भरल्या होत्या; मध्ये कुणी खोकलं तरी ते गाण्यात उतरायचं. "आण्णा, यात बाहेरचा आवाज जात नाही हो!" मी तीनदा ओरडले. "आता तू वरडल्यालं बी गेलं बघ त्यात," म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला आणि पंखाही बंद केला. चटणी तशीच अर्धी कुटलेली, आणि आम्ही तिघं तासभर घामाघूम, मुकाट. आण्णा वारल्यावर तो फोन माझ्याकडे आला. त्यातलं एकेक गाणं मी कान देऊन ऐकलं. "गप बसा की" म्हणणारा त्यांचा आवाज कुठंच नाही. माझंच खरं निघालं, आणि राग येतो तो त्याचाच.