लांब हाताचं मशीन, जुनी लुगडी

मार्गशीर्ष, साल एकोणीसशे ब्याण्णव, रविवारची सकाळ. हजर: मी; माझी थोरली जाऊ, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते; आमचे हे, सुटी असूनही दाढी करून तयार; सुरतेहून मशीन जोडायला आलेले रमणभाई; आणि ओट्यावर पोत्यांत गुंडाळून ठेवलेलं, जुन्या तेलाचा नि गार लोखंडाचा वास सोडत पडलेलं ते मशीन. मी असं लिहायला घेतलं की अक्का हसते. ‘हजेरी लेस का व मास्तरीन?’ म्हणते. तिचं माहेर पिंपळनेरचं, त्यामुळे चाळीस वर्षं जळगावात काढूनही तिची अहिराणी जशीच्या तशी आहे. पण कोण कोण होतं हे आधी लिहून ठेवलं की बाकीचं आपोआप मागून येतं, असा माझा अनुभव आहे.

त्या दिवसांत आमच्या गावाच्या हवेलाच कापसाचा स्पर्श असतो. जिनिंगच्या बाजूने वारा आला की रुईचे तंतू तुळशीच्या मंजिऱ्यांत अडकून राहतात, सरकीच्या तेलाचा जड, गोडसर वास दुपारच्या उन्हात तरंगतो, आणि संध्याकाळी कुठल्यातरी परसात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला पडली की त्या धुराने सगळी आळी भुकेली होते. थंडीचे हे मोजके आठवडेच आम्हा गोधडी शिवणाऱ्यांचे. लग्नसराई पुढे उभी असते, गावोगावची माणसं गाठोडी घेऊन दारात येतात, आणि मी त्यांच्या गाठोड्यांवर नावांच्या चिठ्ठ्या टाचत असते. हाताने शिवायची एक गोधडी म्हणजे चौघींचं काम. लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे, चारी बाजू आधी धावदोऱ्याने बंद करून टाकायच्या, मग चौघींनी चार कडांना मांडी घालून बसायचं आणि ओळीमागून ओळ टाकत हळूहळू आत सरकायचं. जुनं कापड कुठे सैल असतं, कुठे ओढलेलं. त्यातला सैलपणा बोटांनी पुढे पुढे सारत मध्यापर्यंत न्यायचा. त्या मध्याला अक्का पोट म्हणते. तिथे पोचेपर्यंत चौघींची डोकी जवळ आलेली असतात, आणि बोलणीही.

गेल्या पावसाळ्यापासून अक्काची बोटं सुजू लागली. पेरं वाकेनात. दुसऱ्या दोघींपैकी एक सुनेच्या बाळंतपणाला गेली, ती तिकडेच रमली. दुसरी चष्मा लागूनही सुई ओवायला दुसऱ्याला हाक मारू लागली. मी एकटी किती कडा धरणार? मला काम अडलेलं बघवत नाही. अडलेलं काम रात्री अंथरुणात माझ्या शेजारी येऊन झोपतं. म्हणून सुरतेच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं हे लांब हाताचं मशीन विकायला आहे असं कळल्यावर मी ते ठरवूनच टाकलं. धुळ्यापर्यंत ते ट्रकने आलं, तिथल्या गोदामातून आम्ही दोघांनी ते टेम्पोत घातलं, आणि पारोळ्याच्या चढउतारांवर मागे लोखंड खडखडत असताना ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘दाराची रुंदी मोजलीस का?’

मोजली होती. मशीनचा सांगाडा मात्र सांगितल्यापेक्षा लांब निघाला. शेवटी मधल्या खोलीऐवजी पडवीत मांडायचं ठरलं.

‘म्हणजे आता मी दुपारी आडवा कुठे होऊ?’ हे म्हणाले.

‘मशीनना खाले,’ अक्का म्हणाली. ‘वरतून कापूस पडी, ऊब ऱ्हाई.’

रमणभाई अबोल, किडकिडीत गृहस्थ. त्यांनी आधी रूळ जोडले, मग त्या रुळांवर चाकं असलेलं डोकं बसवलं. साध्या शिलाई मशीनची मान वीतभर असते. याची मान माणसाच्या हातापेक्षा लांब, जणू विहिरीत वाकून बघणाऱ्या बगळ्याची. कापड एका जागी ताणलेलं राहतं आणि मशीनच त्यावरून फिरतं, ही कल्पना मला फार आवडली होती. पण हात सोडला की ते डोकं आपणहून सरकत सरकत मोरीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभं राही. रमणभाईंनी दोनदा चाकं पुसली, तेल दिलं, आणि मग पडवीच्या फरशीवर लोटाभर पाणी ओतलं. पाणी निमूट मोरीकडे गेलं.

‘बहनजी, मशीन में कोई खोट नहीं,’ ते म्हणाले. ‘आपकी जमीन टेढ़ी है.’

धुणं-पाणी निघून जावं म्हणून पडवीला मुद्दाम उतार दिलेला. इतकी वर्षं तो उतार माझ्या पायांना कळला नव्हता. मग पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहणं, मशीनच्या पायांखाली सागाच्या फळ्यांचे तुकडे सारणं यात दुपार गेली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात डोकं एकदाचं ठेवलं तिथे थांबलं, आणि मला वाटलं, आता आपणही थांबू. तसं झालं नाही. हाताने शिवताना आम्ही बसत होतो. इथे उभं राहून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत राहावं लागे. दिवसभर चालून रात्री अंथरुणावर पडले तरी पोटऱ्या आपल्या आपण चालतच असत.

रमणभाईंनी जाण्यापूर्वी नव्या पॉपलीनची एक रजई शिवून दाखवली. खालचं कापड लाटण्यासारख्या एका लांब रुळावर, वरचं दुसऱ्यावर, मध्ये कापूस, आणि शिवलेला भाग तिसऱ्या रुळावर गुंडाळत जायचा. टाके इतके सारखे की अक्काने त्यावर हात फिरवला आणि कापडाच्या खाली वाकून पाहिलं.

‘बठ्ठं बरं शे,’ ती म्हणाली. ‘पन येनं पोट कोठे शे?’

मी हसले. मशीनला मध्य नव्हताच. ते या टोकाला सुरू होत होतं आणि त्या टोकाला संपत होतं.

असोद्याचे नाना आले ते याच आठवड्यात. केळीची बाग असलेला, उंच, खांदे जरा पुढे झुकलेला माणूस. माघात मुलीचं लग्न होतं, चोपड्याला दिली होती. दोन नव्या रजयांचं कापड त्यांनी दिलं, आणि मग पिशवीतून वेगळी, धुऊन घडी घातलेली काही नऊवारी लुगडी काढून माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. बायको गेल्याला दोन पावसाळे झाले होते.

‘ताई, मले शिवणातलं काही समजत नही,’ ते म्हणाले. ‘पण पोरीच्या अंगावर तिच्या मायचं काहीतरी असलं पाहिजे, म्हून आणली. यातलं वाया काही जाऊ देऊ नका. आता दुसरं नही.’

दोन्ही रजया मशीनवर सुरेख झाल्या. तिसरीची तयारी आम्ही नेहमीसारखीच केली. लुगड्यांचे थर अंथरले, फाटक्या भागांवर ठिगळं लावली, आणि अक्काने दुखऱ्या बोटांनी, मी दुसऱ्या बाजूने, चारी कडा धावदोऱ्याने बंद केल्या. कडा बंद केल्याशिवाय गोधडीला हात लावायचा नाही, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं, जितकं उंबऱ्याशी चपला काढणं. रमणभाईंच्या रजईच्या कडा शेवटपर्यंत उघड्या होत्या हे आम्ही दोघींनी पाहिलं होतं. पण ती रजई होती, ही गोधडी. तो फरक आम्हाला कापडातला वाटला.

वीज दुपारी जायची, म्हणून सकाळीच सुरुवात केली. पहिल्या ओळी सरळ गेल्या. मग वरच्या लुगड्याचा सैलपणा सुईच्या पुढे पुढे सरकू लागला, पाटाच्या पाण्यासारखा, आणि पलीकडची कड बंद असल्यामुळे बांधाशी आल्यासारखा अडून फुगला. उघडी असती तर रुळावर ओढून घेता आला असता. मी रूळ आवळला, फुगा मध्यावर आला, आणि मशीन ज्या वेगाने चांगलं शिवतं त्याच वेगाने ते घडीवर घडी शिवत पुढे गेलं. मी कळ दाबून थांबवलं तेव्हा गोधडीच्या ऐन मध्यावर चुण्यांचा जाडजूड कंगोरा उठला होता, जखमेवर मांस चढावं तसा.

अक्का उठून आली. तिने कंगोऱ्यावर बोट ठेवलं.

‘आते काय करशी?’

‘उसवते.’

‘हाऊ काय हातना टाका शे, वढा नि निंघना?’

ती म्हणत होती ते खरं होतं. हाताचा टाका ओढला की निघतो. मशीनचे टाके बारीक, घट्ट. जुन्या लुगड्याला त्यांनी इतकी भोकं पाडली होती की पहिली शिवण ब्लेडने कापून ओढताच कापडही त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटलं. बोटभरच फाटलं, पण मी ब्लेड खाली ठेवलं. दुसरं लुगडं नव्हतं. त्या दुपारी मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, गच्चीवर जाऊन आले, आणि ह्यांनी चहा मागितला तेव्हा दोन वेळा साखर घातली. मग असोद्याला निरोप धाडला. लपवून ठेवण्यासारखं ते नव्हतंच.

नाना आले नाहीत. त्यांची मुलगी सुमन आली, एस. टी. ने, एकटी. हळद लागायला थोडेच दिवस उरलेली मुलगी इतक्या साध्या साडीत, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ती गोधडीशेजारी खाली बसली होती.

‘काकू, हे बाजारले जायचं लुगडं,’ कंगोऱ्याच्या अलीकडच्या हिरव्या पट्ट्यावर हात ठेवून ती म्हणाली. ‘आणि हे केळीच्या बागेतलं. याच्यावर चिकाचे डाग पडले ना, तर माय म्हणे, जाऊ दे, केळीनंबी आपल्याले काही दिलं पाहिजे.’ ती जरा हसली. ‘फाटलं का?’

‘बोटभर,’ मी म्हणाले. ‘आणखी फाटेल.’

‘मग हळूहळू काढू.’

अक्काने तिला रीत दाखवली. खालून मलमलचा तुकडा लावायचा, कापडाला बोटाचा आधार द्यायचा, उलट्या बाजूने दर तिसरा टाका कापायचा आणि दोरा ओढायचा नाही, सुईच्या टोकाने उचलून चिमटीने वेचायचा. सुमन दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच दुपारच्या गाडीने येऊ लागली. आम्ही तिघी गोधडीच्या तीन बाजूंना मांडी घालून बसत असू, पडवीत थंडीचं पातळ ऊन येई, आणि आमच्या डोक्यावर ते लांब हाताचं मशीन वाकून उभं असे. माझं लक्ष घड्याळाकडे. राहिलेल्या ओळी मी मनात मोजत असे आणि माझ्या बाजूची शिवण तिच्या दुप्पट वेगाने वेचत असे. ती मात्र एक टाका काढून थांबे, कापड वर उचले, नाकाशी नेई.

‘धुतलेलं आहे ग,’ मी एकदा म्हणाले.

‘माहीत आहे, काकू.’

‘अशाने लग्न होईल आणि गोधडी इथेच राहील.’

‘नवरदेव काय गोधडी पाहून पोरगी करी ऱ्हायना?’ अक्का म्हणाली, आणि सुमन इतकी हसली की तिच्या हातातली सुई पडली. मग आम्ही तिघींनी मिळून ती सुई शोधली.

हळदीच्या आदल्या दिवशी हातभर चुण्या उरल्या होत्या. मी म्हणाले, आज दिवे लागेपर्यंत बसू, मी तुला बसस्टँडवर सोडते. उसवून झालं की रात्रीतून मी हाताचे टाके घालून देते. माझा सगळा हिशेब तयार होता. सुमनने गोधडीची घडी घालायला घेतली. कडा जुळवून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी.

‘मधलं ऱ्हाऊ द्या, काकू,’ ती म्हणाली. ‘मी येईन तवा करू.’

‘अगं, तुझ्या वडिलांनी—’

‘त्याईले मी सांगते. घरी आता नुसती बाप्यामाणसं. माहेरी येऊन मी बाईमाणसात बसू कुठे?’ तिने घडीवर हात दाबला. ‘याच्यासाठी तरी येणं होईल.’

लग्नात रुखवतावर दोन्ही रजया मांडलेल्या होत्या. नाना गर्दीतून माझ्याकडे आले. तिसरीचं ते विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवत होते. त्यांनी विचारलं नाही. फक्त ‘जेवून जाजा’ म्हणाले, आणि भाताच्या पंगतीकडे वळले.

आता फाल्गुन उतरला आहे. गोधड्यांचं काम संपलं, मशीनवर मी चादर टाकून ठेवली आहे. पडवीत उकाडा दाटू लागतो, दुपारी हाताला काही नसतं आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. ती गोधडी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. हातभर शिवण मला दोन दुपारींचं काम. मी आजवर कुणाचं काम असं अर्धवट ठेवलेलं नाही. परवा मी फळीवरून ती काढलीसुद्धा, मांडीवर घेतली, ब्लेड हातात घेतलं. अक्का तांदूळ निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही.

‘तिले येवू दे,’ एवढंच म्हणाली.

काम उरलेलं असलं की माणूस बांधलेला राहतो, एवढंच मला ठाऊक होतं. आणि त्या बांधलेपणाचा मी आयुष्यभर कंटाळा केला. कुणी आपणहून ते मागून घेईल, गाठ सोडवायची राखून ठेवील, असं कधी मनात आलं नव्हतं. आलं असतं तर मी इतकी घाई कशाकशात केली असती, कोण जाणे. चोपड्याची गाडी साडेअकराला येते, हे मी आता पाठ केलं आहे. ब्लेड मी डबीत परत ठेवलं. गोधडीच्या मधल्या चुण्या अजून उसवायच्या आहेत.